पीस लिलीची पानं दरवर्षी ठरावीक महिन्यांतच का बिघडतात?

कुंडी तीच, खिडकी तीच, पाणीही तेवढंच. तरी पीस लिलीचं दुखणं दरवर्षी ठरल्या वेळी डोकं वर काढतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास, नाहीतर शिमगा झाल्यावर, पानांवर कोरडे तपकिरी चट्टे येतात. आषाढ-श्रावणात पानं पिवळी पडतात आणि देठ बुडाशी मऊ होतात. बेळगाव शहरात, खानापूर-नंदगडकडे, निपाणी-चिकोडीकडे, कुठेही घरातल्या झाडांचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्यांनी तोवर माती बदललेली असते, खत घालून झालेलं असतं, कसलंतरी औषधही फवारलेलं असतं. उजेडाचा विचार मात्र सगळ्यात शेवटी होतो. कुंडी जागची हललेलीच नाही, मग उजेड कसा बदलेल, असं वाटतं.

पण तो बदलतो, आणि आपल्या भागात तर फारच बदलतो. या झाडाच्या बाबतीत मला सांगायचं ते एवढंच आहे की पीस लिलीला वर्षभराची एक जागा ठरवून देऊ नका. तिला ऋतूप्रमाणे हलवा आणि उजेड कमी झाला की पाणीही कमी करा.

सूर्य आपल्याकडे दोन्ही बाजूंनी फिरतो

बेळगाव साधारण १५.८५ अंश उत्तर अक्षांशावर आहे, कर्कवृत्ताच्या बरंच खाली. त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा थेट आपल्या डोक्यावर येतो. एकदा मेच्या पहिल्या आठवड्यात, उत्तरेकडे जाताना. दुसऱ्यांदा ऑगस्टच्या ८-९ तारखेच्या आसपास, दक्षिणेकडे परतताना. मधले तीन महिने तो उगवल्यापासून मावळेपर्यंत आपल्या उत्तरेलाच असतो. या काळात दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन येतच नाही. डिसेंबरात याच्या अगदी उलट. भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ५१ अंशांवर, दक्षिणेला कललेला. वर छज्जा नसेल तर सात फूट उंचीच्या खिडकीतून ऊन पाच-साडेपाच फूट आत फरशीवर येतं.

इंटरनेटवरचा बहुतेक सल्ला युरोप-अमेरिकेतल्या घरांसाठी लिहिलेला असतो. तिथे दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेला, म्हणून ‘दक्षिणेची खिडकी कडक, उत्तरेची सौम्य’ हा नियम वर्षभर चालतो. तो दिल्लीलाही चालेल. बेळगावला चालत नाही. तो वाचून कुणी मे महिन्यात कुंडी उत्तरेच्या खिडकीत नेऊन ठेवली, तर दुपारी चारनंतरचं तिरकं ऊन नेमकं तिथेच येतं.

आता एकेक खिडकी पाहू.

पूर्वेची खिडकी सगळ्यात सोपी. सकाळी आठ-साडेआठपर्यंतचं ऊन पीस लिलीला सोसतं, थंडीत तर ते हवंच. होळीनंतर नऊच्या पुढचं ऊन मात्र पानाला लागू देऊ नका. ज्यांच्याकडे पूर्वेची खिडकी आहे त्यांनी फार डोकं चालवू नये, कुंडी तिथेच राहू द्यावी आणि उन्हाळ्यात दोन फूट मागे घ्यावी.

उत्तरेच्या खिडकीत सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत थेट ऊन येत नाही. तेवढे सहा महिने कुंडी काचेला खेटून ठेवली तरी चालते, किंबहुना तशीच ठेवावी. एप्रिल-मेमध्ये सकाळी लवकर आणि दुपार कलल्यावर ऊन आत येऊ लागतं, तेव्हा पातळ पांढरा पडदा लावावा. जून-जुलैमध्ये सूर्य उत्तरेला असला तरी ढग इतके असतात की भीती नाही.

पश्चिमेची खिडकी फेब्रुवारीपासून मेपर्यंत या झाडाची वैरीण. दुपारी तीन ते सहाचं ऊन, तापलेली काच आणि तापलेली भिंत, तिन्हींचा मारा एकदम बसतो. या दिवसांत कुंडी खिडकीपासून पाच-सहा फूट आत किंवा बाजूच्या भिंतीच्या आडोशाला हवी. पावसाळ्यात मात्र हीच खिडकी उपयोगी पडते.

खरी गफलत होते ती दक्षिणेच्या खिडकीत. मे ते ऑगस्ट तिथे ऊन नसतं, वर पावसाळी आभाळ. झाड त्या मंद उजेडाला सरावतं. नवी पानं पातळ, मोठी, गडद हिरवी येतात. मग पाऊस ओसरतो, ऑक्टोबरचं आभाळ लख्ख होतं, आणि तोवर सूर्यही दक्षिणेकडे सरकलेला असतो. जिथे चार महिने ऊन नव्हतं तिथे ते एकदम पानावर येऊन पडतं. सावलीत वाढलेल्या पानाला एवढा प्रकाश पचवता येत नाही. त्यातलं हरितद्रव्य नष्ट होतं, पान फिकट पडतं आणि तो भाग वाळतो. दसरा-दिवाळीचे चट्टे येतात ते इथून. कुंडी दक्षिणेच्या खिडकीत असेल तर गणपती विसर्जन झालं की ती चार फूट आत घ्यावी, नाहीतर पडदा लावावा. ऊन दिसेपर्यंत थांबू नका.

चट्टा हातात घेऊन पाहा

उपाय करण्याआधी बिघडलेलं पान नीट पाहायला हवं, कारण सगळे तपकिरी डाग उजेडाचे नसतात.

टिळकवाडीतल्या ओळखीच्या एका काकूंकडे पश्चिमेच्या खिडकीतल्या झाडाचं पान मी उलटसुलट करून पाहिलं होतं. पीस लिलीचं पान देठापासून वर जातं आणि मग कमानीसारखं वाकून खाली झुकतं. चट्टा बरोबर त्या वाकणावर होता, जिथे पान आकाशाकडे तोंड करतं. मध्ये फिकट, जवळपास पांढुरका, कडेला तपकिरी, आणि बोटाने दाबला की कागदासारखा कुरकुरीत. पानाचं टोक हिरवंगार. शेजारच्या पानाची सावली जिथे पडत होती तिथे चट्टा एकदम तुटलेला, सावलीची कड जणू आखून दिल्यासारखी. खिडकीकडच्या पानांवर असे चट्टे आणि मागच्या पानांवर एकही नाही. हे उन्हाने भाजणं. दुसरं काही असू शकत नाही.

याउलट फक्त टोकं आणि कडा तपकिरी होत असतील आणि सगळ्या बाजूंच्या पानांना सारखंच होत असेल, तर पाण्याकडे बघा. बोअरचं जड पाणी, मातीत साठलेले क्षार, कोरडी हवा ही त्याची कारणं. कुंडीच्या काठावर पांढरी साय धरलेली दिसेल. अथणी-रायबागकडच्या बोअरच्या पाण्यावर वाढवणाऱ्यांनी पावसाळ्यात छपराचं पाणी धरून ठेवावं आणि तेच घालावं.

भाजलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही. अर्ध्याहून अधिक पान गेलं असेल तर ते देठासकट बुडातून कापा. थोडाच डाग असेल तर राहू द्या, उरलेलं पान झाडासाठी अन्न करतच असतं.

भर दुपारी झाड मान टाकतं, माती ओली असते आणि संध्याकाळी पानं आपोआप उभी राहतात, हे तिसरं लक्षण. तिथे पाणी कमी पडलेलं नसतं, ऊन किंवा उष्णता जास्त झालेली असते. अशा वेळी पाण्याची झारी उचलू नका, कुंडी उचला.

शहापूर-वडगावची लांबोडकी घरं आणि कवडसा

शहापूर, वडगाव, अनगोळ या भागांतली जुनी घरं एकमेकांना भिंत लावून बांधलेली. समोर सोपा, मागे परसू, आणि मधल्या माजघराला खिडकीच नाही. उजेड येतो तो छपरात बसवलेल्या काचेच्या कौलातून. अशा घरात पीस लिली ठेवायची हौस अनेकांना असते आणि मला ती रास्त वाटते. त्या थंडगार, मातीच्या वासाच्या खोलीत हे झाड शोभतं. अडचण कवडशाची असते.

काचेच्या कौलातून येणारं ऊन थेट असतं, फक्त कवडशापुरतं. तो कवडसा दिवसभर फरशीवरून सरकतो, शिवाय ऋतूप्रमाणेही जागा बदलतो. कौल जमिनीपासून बारा फूट उंच धरलं, तर मे महिन्यात दुपारचा कवडसा बरोबर कौलाखाली पडतो. डिसेंबरात तोच उत्तरेकडे जवळपास दहा फूट सरकलेला असतो, कधीकधी थेट समोरच्या भिंतीवर चढलेला. म्हणून दिवाळीत ‘इथे ऊन येत नाही, उजेड मात्र छान आहे’ म्हणून कौलाखाली ठेवलेली कुंडी गुढीपाडव्यापर्यंत भाजून निघते. पानावर आडवा, पट्ट्यासारखा डाग दिसला तर तो कवडसा सरकत गेल्याची खूण समजा.

यावर उपाय साधा आहे. काचेच्या कौलाखाली आतून, दोन-तीन फूट अंतर सोडून, पांढरं सुती कापड ताणून बांधा. कवडसा मोडतो आणि प्रकाश खोलीभर पसरतो. कुंडी त्या कापडाखाली वर्षभर ठेवता येते. माजघरासाठी मला तरी यापेक्षा चांगला उपाय माहीत नाही. कौल मात्र वर्षातून एकदा, पाऊस संपल्यावर, धुवून घ्यायला हवं. शेवाळ आणि धूळ बसलेल्या काचेतून बराच प्रकाश अडतो.

नव्या अपार्टमेंटमधलं दुखणं याच्या उलट असतं. सरकत्या खिडक्यांना काळी किंवा हिरवी काच, त्यावर डासांची जाळी, बाहेर ग्रील, वर छज्जा आणि समोर वीस फुटांवर दुसरी इमारत. एवढ्यातून आत येणारा उजेड आपल्याला पुरेसा वाटतो, कारण आपला डोळा अंधाराला पटकन जुळवून घेतो. झाडाला तसं जमत नाही. अशा घरात देठ लांबतात, सगळं झाड खिडकीकडे झुकतं, नवी पानं आधीच्यापेक्षा लहान येतात आणि फूल येत नाही. इथे कुंडी खिडकीच्या अगदी जवळ घ्यावी, दिवसा काच सरकवून ठेवावी आणि आठवड्यातून एकदा कुंडीला पाव वळण द्यावं.

डोळ्यावर विसंबू नका

दुपारी बाराच्या सुमारास कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्याच्यावर फूटभर उंचीवर हात धरा. सावली ठसठशीत, बोटं वेगळी दिसणारी असेल तर तिथे उजेड जास्त आहे. सावली दिसते पण कडा धूसर आहेत, तर जागा योग्य. सावलीच पडत नसेल तर झाड तिथे फक्त तग धरेल. ही परीक्षा दर दोन महिन्यांनी, त्याच जागी, पुन्हा करायची. एकदा करून सोडून दिली तर तिचा उपयोग नाही.

मोबाइलमध्ये लक्स (उजेडाचं माप) मोजणारं अॅप घेतलं तर आकड्यांत कळतं. फोनागणिक थोडा फरक पडतो, पण अंदाज यायला पुरे. उघड्यावरचं दुपारचं ऊन १ लाख लक्सच्या आसपास असतं, आणि आपल्याला चांगली उजळ वाटणारी खोली ३००-४०० लक्सचीसुद्धा असते. पानांच्या उंचीवर, फोन खिडकीकडे करून मोजा. ५०० लक्सच्या खाली पीस लिली जगते, वाढत नाही. दीड-दोन हजारांच्या पुढे गेलात की फुलाची आशा धरता येते. खिडकीपासून दोन फूट आणि आठ फूट, दोन्ही जागी मोजून बघा. आकडा इतका घसरतो की पहिल्यांदा फोन बिघडला असं वाटतं.

पावसाळ्यातलं पिवळेपण

हा भाग जास्त महत्त्वाचा आहे, कारण उन्हाने पान जातं आणि पावसाळ्यात अख्खं झाड जातं.

पीस लिली अळूच्या कुळातली. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या दमट जंगलांत, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारी. परसात न्हाणीच्या पाटाशी अळू फोफावतं म्हणून अनेकजण हिलाही तसंच सतत ओलं ठेवतात. अळूला साचलेलं पाणी चालतं, हिला चालत नाही. जंगलात तिची मुळं पालापाचोळ्याच्या भुसभुशीत थरात असतात. तिथे ओल असते आणि हवाही असते.

झाड पाणी ओढतं ते मुख्यतः उजेडाच्या जोरावर. जून लागला, आभाळ भरलं, खोलीतला उजेड उन्हाळ्याच्या मानाने कितीतरी उतरला की झाडाचं पाणी ओढणं मंदावतं. हवेत दमटपणा असल्याने मातीही सुकत नाही. आपण मात्र मेच्या सवयीने दर दोन-तीन दिवसांनी पाणी घालत राहतो. मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, आणि कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत म्हणून झाड मान टाकतं. ते तहानलेलं वाटून आपण आणखी पाणी घालतो. खानापूर-जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात, जिथे पाऊस आठवडेच्या आठवडे उघडत नाही, बहुतेक पीस लिली अशाच मरतात.

म्हणून मान टाकलेल्या झाडाच्या मातीत आधी बोट घाला, दोन पेरं आत. कोरडं लागलं तर पाणी द्या, काही तासांत पानं उभी राहतील. ओलं लागलं तर पाण्याचं नाव काढू नका. झाड कुंडीतून काढून मुळं पाहा: पांढरी-करडी, ताठ मुळं चांगली, तपकिरी, बुळबुळीत, वास मारणारी कापून टाका. मग कोरड्या, हलक्या मातीत लावा. आपल्या बाजूची तांबडी माती, शेणखत, कोकोपीट आणि भाताचं तूस असं मिश्रण निचऱ्याला चांगलं. नुसत्या काळ्या मातीत हे झाड लावू नये.

आणि कुंडी उजेडाकडे सरकवा. पावसाळ्यात खिडकीला खेटून, बंद गॅलरीत, सोप्याच्या दाराशी, जिथे आकाश दिसतं तिथे. या दिवसांत जास्त उजेडाने नुकसान होण्याची भीती जवळजवळ नसते. फक्त ऊन उघडायला लागलं की तिथून हलवायचं लक्षात ठेवा.

फूल का येत नाही

नर्सरीतून आणलं तेव्हा पाच-सहा पांढरी फुलं होती, घरी वर्षभरात एकही नाही. ही तक्रार तर घरोघरी. त्यात तुमचा दोष बऱ्याचदा नसतो. व्यापारी उत्पादक विक्रीच्या हंगामाआधी झाडांवर जिबरेलिक अॅसिड हे संप्रेरक फवारतात, त्याने सगळी झाडं एकाच वेळी फुलतात. शिवाय ती शेडनेटखाली वाढलेली असतात आणि शेडनेटखालचा उजेडही आपल्या बैठकीपेक्षा कितीतरी जास्त असतो. घरी आल्यावर तो परिणाम ओसरतो आणि झाडाला स्वतःच्या ताकदीवर फुलावं लागतं. ती ताकद उजेडातून येते. खताचा मारा करून फूल येत नाही, नत्र जास्त झालं तर नुसती पानंच वाढतात.

पांढरं फूल काही आठवड्यांनी हिरवं होतं, तो आजार नाही. आपण फूल म्हणतो ते खरं तर एक बदललेलं पान असतं, खरी फुलं मधल्या दांड्यावर बारीक बारीक असतात. जुनं झाल्यावर ते हिरवं पडतंच. दांडा बुडातून कापून टाका.

झाड अंधाऱ्या जागेतून उजेडात नेताना घाई नको. दोन-तीन दिवसांनी फूट-दीड फूट सरकवत आठ-दहा दिवसांत नव्या जागी पोचवा. पानं ओल्या फडक्याने पुसा. उन्हाळ्यात आपल्याकडची तांबडी धूळ पानावर चांगलीच बसते आणि उजेड अडवते. दूध, तेल, चकाकीचं औषध लावू नका. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा खूप उतरला की खिडकी बंद करा, १२-१३ अंशांच्या खालची थंडी तिला सोसत नाही.

घरात खरंच कुठे उजेड नसेल तर वीस वॅटची साधी पांढरी एलईडी ट्यूब पानांच्या वर फूट-दीड फुटावर लावा आणि रोज बारा तास चालू ठेवा. महिन्याला साधारण सात युनिट वीज जाते. गुलाबी-जांभळे महागडे दिवे घ्यायची गरज नाही. ट्यूब छताला लावून उपयोग नाही, अंतर वाढलं की प्रकाश झपाट्याने विरतो.

एक काळजी घ्या. अळू कच्चं खाल्लं तर घसा खवखवतो, तेच कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक हिच्याही पानांत असतात. रांगतं मूल, मांजर किंवा कुत्रं असेल तर झाड त्यांच्या हाती-तोंडी लागू देऊ नये. अशा घरांत कुंडी कपाटावर ठेवायची पद्धत आहे, पण कपाटावरच्या कुंडीतली पानं बरेचदा खिडकीच्या वरच्या कडेच्याही वर जातात आणि तिथे आकाशाचा उजेड पोचतच नाही. त्यापेक्षा खिडकीच्या गजाला भक्कम ब्रॅकेट लावून कुंडी चार-साडेचार फुटांवर बसवा. मुलाचा हात पोचणार नाही आणि पानांना आकाश दिसेल. मांजर तिथेही चढत असेल तर झाड दार बंद राहणाऱ्या खोलीत ठेवा, नाहीतर मांजर नसलेल्या शेजाऱ्यांना देऊन टाका.